ट्रॅक्टर चार्ज होतोय

प्रिय पोरी,

आधी सवयीने मायन्यात 'सूनबाई' लिहिलं होतं. तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. का, ते शेवटी येईल. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू हिला फोन करून विचारलंस, बाबा रागावलेत का. रागावलो नाही. ट्रॅक्टर बंद होता, आणि एका वेळी एकच काम हातात घ्यायचं ही माझी खोड तू घरात आल्यापासून पाहते आहेस. दुधाखालचा गॅस बंद करायला सांगितला तर मी आधी हातातला स्क्रू पुरता बसवतो, आणि मग दूध उतू गेल्याबद्दल दुधालाच बोल लावतो.

तू दोन गोष्टी लिहिल्या होत्यास. तू काम शिकतेस त्या चष्म्याच्या दुकानात तुझ्या शेजारच्या टेबलावर काचा घासणारा जो माणूस आहे, त्याने तुला लग्नाचं विचारलंय, तुझ्याही मनात आहे, पण मी 'हो' म्हटल्याशिवाय तू पाऊल उचलणार नाहीस, ही पहिली. दुसरी अगदी तळाशी, बारीक अक्षरात: "ट्रॅक्टर चार्ज होत नाही असं आई म्हणाल्या. पेरणी तोंडावर आली. तसं असेल तर मी हे सगळं राहू देते आणि घरी येते, कायमची आले तरी चालेल." पहिल्या गोष्टीचं उत्तर मला येत नव्हतं. दुसरीचं येत होतं, निदान मला तसं वाटत होतं. म्हणून मी बाही वर केली आणि बॉनेट उघडलं.

आता नीट वाच, कारण हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत जुनी बॅटरी बसली. तिचं वय झालंच होतं, तिला दोष नाही. मी नवी आणली आणि स्वतः बसवली. सेल्फ मारला, इंजिन पहिल्या दमात उठलं. दिवे लागले. हॉर्न तर असा वाजला की शेजारची कोंबडी भिंतीवर चढली. मी खूश. पण दोन दिवसांनी सकाळी सेल्फ नुसताच कण्हला. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली, पुन्हा तेच. म्हणजे ट्रॅक्टर चालत होता, दिवे लागत होते, सगळं जागच्या जागी होतं, फक्त जे खर्च होत होतं ते परत भरत नव्हतं. पोरी, असं घर मी पाहिलंय. त्या घरातच राहतो आहे.

मग मी ट्रॅक्टर अंगणातल्या उतारावर लावायला लागलो, सकाळी ब्रेक सोडून गिअरमध्ये टाकला की चालू व्हावा म्हणून. हँडल मारायला माझा खांदा आता राजी नाही. समोरचा टर्नर रोज लेथ थांबवून तमाशा बघायला दारात येतो. म्हणाला, इंजिनियरसाहेब, आता पेन्शनीत काढा दोघांनाही. माझी शाळा लवकर सुटली हे त्याला माहीत आहे, म्हणून ते 'साहेब' जरा ताणून म्हणतो. मी म्हटलं, ज्याला स्वतःच्या लेथचा पट्टा बदलता येत नाही त्याने दुसऱ्याच्या उताराकडे बघू नये. नवा डायनॅमो घाल, हा त्याचा सल्ला. सल्ला द्यायला त्याला कधीच काही तपासावं लागत नाही.

मी तपासलं. आपल्या ठोक्याने घालून दिलेल्या क्रमानेच. (लेकाला ठोक्या म्हणायला मीच सुरुवात केली होती, वस्तू उघडायच्या आधी स्क्रू ड्रायव्हरची मूठ तिच्यावर आपटून, दुसरं टोक कानाला लावून ऐकायचा म्हणून. हिला ते नाव आवडायचं नाही. आता ती स्वतः तेच नाव घेते.) आधी पट्टा. अंगठ्याने दाबला, दबायला हवा तेवढाच दबला. मग तारा, सगळी टोकं खरवडून पुन्हा आवळली. मग डायनॅमो. त्याच्या दोन्ही तारा सोडवल्या, दोन्ही खुंट्या एका तुकड्याने जोडल्या आणि तिथून बॉडीपर्यंत टेस्टिंगचा बल्ब लावला. इंजिन हळू चालवलं. बल्ब असा लख्ख पेटला की डायनॅमोची मनातल्या मनात माफी मागितली. म्हणजे माल तयार होत होता, बॅटरीच्या दारापर्यंत पोचत नव्हता. दारावरचा राखणदार कोण, तर कटआउट. डायनॅमो जोरात असेल तेव्हा बॅटरीचं दार उघडायचं, नसेल तेव्हा बंद ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं झाकण काढलं तर आत पॉइंट काळे ठिक्कर, आणि इंजिन चढवलं की टकटक टकटक ठिणग्या. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळे.

तुझं मीटर असतं तर हे सगळं पहिल्याच टेकवणीला उमगलं असतं. पण ते ठोक्याने तुला दिलेलं, तू नेलंस ते बरोबरच केलंस. आणि मी आयुष्यभर बल्बवर काम करत आलो. बल्ब पेटला की वीज आहे, नाही पेटला की नाही. मीटर उणं की अधिक तेही दाखवतं. बल्बला त्याच्याशी देणंघेणं नसतं, तो दोन्हीकडून सारखाच पेटतो.

आता मला जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. इंजिन बंद असताना मी सहज दिवे लावले, आणि डॅशवरचा चार्जिंगचा काटा अधिककडे गेला. दिवे वीज खातात, काटा उण्याकडे जायला हवा, हे तुला झोपेतही सांगता येईल. मी काट्याकडे बघत उभा राहिलो आणि ठरवलं, काटाच उलटा जोडलाय. ते वायरिंग ठोक्याने केलेलं. तुम्ही दोघं त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरखाली सतरंजी टाकून पडायचात, बाहेर चार पाय दिसायचे, आणि आतून हसण्याचा आवाज. मी हिला म्हणायचो, काम कमी आणि गंमत जास्त चाललीय. तेव्हा हसता हसता दोन तारांची अदलाबदल झाली असेल, असं मी त्याच्या माथी मारलं. इतकी वर्षं तोच काटा रोज बरोबर दाखवत होता, याचा विचार केला नाही. काट्यामागच्या तारा सोडवल्या, उलट्या लावल्या, पुन्हा दिवे लावले. काटा शहाण्यासारखा उण्याकडे गेला. मला फार समाधान वाटलं. मला हवं तेच आता तो सांगत होता.

त्याच संध्याकाळी टर्नरने विचारलं, सूनबाई कधी येणार? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. गेल्या महिन्यातही मी त्याला पुढच्या महिन्यातच सांगितलं होतं. पिठाच्या गिरणीत, बियाण्याच्या दुकानात, सगळीकडे तेच. तिचं शिकण्याचं काम चाललंय, संपलं की येईल. ही दारात उभी राहून ऐकत होती. आत आल्यावर तिने ताटं मांडली. तीन. मग एक उचलून परत फळीवर ठेवलं. हे रोज होतं असं समजू नकोस. पण होतं.

खोटं कशाला बोलू, ट्रॅक्टर चार्ज होत नाही याचं मला मनातून बरं वाटत होतं. तुझी ती बारीक अक्षरातली ओळ मी खिशात घेऊन फिरत होतो. काम मी मुद्दाम बिघडवलं नाही, तेवढी माझी जात अजून शाबूत आहे. पण घाईही केली नाही. एक दिवस पट्टा, एक दिवस डायनॅमोचे कार्बन, एक दिवस नुसतंच पुसणं. पेरणी जवळ येत होती आणि मी त्याच खुंट्या पुन्हा पुन्हा आवळत होतो. मनात म्हणत होतो, माझ्याकडून होत नाही असं कळवलं तर ती येईल. तिच्याशिवाय कुणाला जमणार, असं म्हणायला कारण तर खरंच आहे. आणि आलीस की तू चुलीपाशी बसून हिला दुकानातल्या गमती सांगशील, माझा चहा फिका झाला तर माझ्याआधी तुला कळेल, आणि घरातलं एक माणूस गेलं त्याचं निदान अर्धं परत येईल. असला हिशेब मी मांडत होतो. माणूस असा अर्ध्याने परत येत नसतो हे कळायला मला वेळ लागला.

बॉनेटखाली अंधार, माझी नजर तुला ठाऊक आहेच. जुन्या चष्म्याची दांडी तुटली तेव्हा तू तो बरोबर नेलास आणि तिकडून नवा करून पाठवलास, त्या माणसाने स्वतः काचा घासल्या असं चिठ्ठीत लिहून. तो डबीसकट कपाटात ठेवून दिला होता. हिने विचारलं तर म्हटलं, मला दिसतंय. मला काय दिसत होतं ते वर लिहिलंच आहे. परवा मात्र कटआउटचा एक बारीक स्क्रू हातातून निसटून बॅटरीच्या खाचेत पडला. बोटांनी चाचपून सापडेना. ही ओट्यावर बसून बघत होती. उठली, आत गेली, डबी आणून बॉनेटवर ठेवली आणि परत जाऊन बसली. मी इकडे तिकडे पाहिलं, टर्नर दारात नव्हता, आणि चष्मा घातला.

स्क्रू सापडला. पण त्याच्याआधी दुसरंच दिसलं. बॅटरीच्या काळ्या झाकणावर खुंटीशेजारी काळ्यावर काळी, बारीक उठावाची अधिकची खूण. आणि त्या खुंटीला लागलेली तार सेल्फकडे गेलेली. पोरी, आपल्या ट्रॅक्टरची अधिक बॉडीला असते. आजकालच्या सगळ्या गाड्यांच्या उलट. ज्याने त्याने हात लावण्याआधी त्याला हे ऐकवायचं, हा मी घरात केलेला कायदा. तुलाही पहिल्या दिवशी ऐकवला होता, तू तेव्हा नुसतं पाणी विचारायला आली होतीस. आणि मी, कायदा करणारा, नवी बॅटरी उलटी बसवून मोकळा. नव्या बॅटरीच्या खुंट्या जुनीपेक्षा उलट्या बाजूंना आहेत. मी खूण बघितलीच नाही. जिथे पूर्वी जी तार असायची तिथेच ती लावली, हाताच्या सवयीने.

त्याहून लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. अधिकची खुंटी जराशी जाड असते. बसवताना एक क्लॅम्प उतरत नव्हता आणि दुसरा सैल पडत होता. मी काय केलं असेल? घट्ट होता तो हातोडीच्या मुठीने ठोकून बसवला, आणि सैल होता त्यात पत्र्याची पट्टी सारली. बॅटरी मला सांगत होती, हे तुझं ठिकाण नव्हे. ठोक्या म्हणायचा, "बाबा, आधी ऐका, मग हात घाला." सेल्फ दोन्हीकडून फिरतो, दिवे दोन्हीकडून लागतात, म्हणून मला वाटत राहिलं सगळं ठीक आहे. एकट्या डायनॅमोला ते पटत नव्हतं. तो आपल्या जुन्या दिशेने भरायला जायचा आणि समोर उलटी बॅटरी. त्या ठिणग्या त्याच्या होत्या.

बॅटरी काढली, फिरवून बसवली. क्लॅम्प हाताने अलगद उतरले. पत्र्याची पट्टी काढून टाकली. मग काट्यामागच्या तारा सोडवल्या आणि ठोक्याने लावल्या होत्या तशा परत लावल्या. त्याचं बरोबरच होतं. बरोबर होतं हे त्याला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगतो.

डायनॅमोला पुन्हा बल्ब लावून इंजिन चालवलं तर तो पेटेना. इतक्या धुमश्चक्रीत डायनॅमो सगळंच विसरला होता. त्याचं लोखंड आपल्यात थोडीशी ओढ धरून ठेवतं, तेवढ्या भांडवलावर तो सुरुवात करतो. ती पुसली गेली की नुसता फिरतो. मग बॅटरीवरून तार आणून त्याच्या बारक्या खुंटीला क्षणभर टेकवायची, म्हणजे त्याला पुन्हा कळतं आपल्याला कुठल्या बाजूला भरायचंय. तुम्ही दोघं त्याला आठवण देणं म्हणायचात. तू बॅटरीपाशी, तो डायनॅमोपाशी. मी एकट्याने करू शकलो असतो, तार लांब होती. पण मी हिला हाक मारली. तो गेल्यापासून ही ट्रॅक्टरच्या जवळ आली नव्हती, धुणं वाळत घालायलासुद्धा पलीकडून वळसा घालून जायची. पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, ही तार या खुंटीवर धर, बाकी काही नाही. तिने धरली. मी दुसरं टोक टेकवलं, बारीकशी ठिणगी उडाली. एवढंच का, म्हणाली. मी म्हटलं, एवढंच.

सगळं जोडलं, इंजिन उठवलं, वेग चढवला. काटा अधिककडे गेला आणि तिथे ठरला. कटआउटचा आवाज नाही. ही सीटला धरून उभी होती, काट्याकडे बघत. मी तिला काट्याच्या तारांचं सगळं सांगितलं होतं. तिने विचारलं, "आता हा खरं सांगतोय?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग तुम्हीही सांगा." आणि आत गेली. तिचं 'हो' तुझ्या पत्राच्याच दिवशी झालं होतं. तिने कपाटाच्या तळातून तिची मोतिया साडी काढून तुझ्या मापाचं ब्लाउज शिवायलाही घेतलंय. अडून बसलो होतो तो मी एकटा.

इंजिन बंद करून मी पाना उजवीकडे धरला, कुणीतरी घेईल म्हणून. तिथे कुणी नव्हतं. ती सवय राहील. तिच्यावर इलाज नाही आणि मला तो करायचाही नाही. टर्नर दारात आला होता, काय झालं विचारत. मी सांगितलं, बॅटरी उलटी होती, मीच बसवली होती. तो तोंड उघडणार तेवढ्यात म्हटलं, आणि सूनबाई येणार नाही, तिचं लग्न आहे. त्याने चौकटीवर ठेवलेला हात काढला. मग म्हणाला, कामाचं काही असेल तर हाक मारा. पहिल्यांदाच इंजिनियरसाहेब म्हणायचं विसरला.

तर आता उत्तर. सून म्हणजे कुणाची तरी बायको, आणि तो कुणीतरी आता नाही. तो शब्द आपल्या दोघांच्या मध्ये त्याला धरून उभा होता. पोर म्हणायला मध्ये कुणी लागत नाही, म्हणून मायना बदलला. तू लग्न कर. मनापासून कर, आमच्याकडे वळून बघत करू नकोस. आम्ही दोघं येऊ. तुझ्या माणसाला सांग, काचा चांगल्या घासल्या आहेत, डावी किंचित जड वाटते ते भेटीत बोलेन. पेरणीची काळजी करू नकोस. एवढं सगळं बारीकसारीक यासाठी लिहिलं, की तुला वाचताना पटावं, बाबा खोटं सांगत नाहीत, कुठली तार सैल राहिलेली नाही, आणि तुझ्याकडे परत यायला ट्रॅक्टरचं निमित्त उरू नये. माझ्याकडेही उरू नये. ट्रॅक्टर चार्ज होतोय, पोरी. तू येऊ नकोस.

तुझाच,
आता खूण बघून तार लावणारा,
बाबा